नाव नसलेले पैसे

नगराध्यक्षपद सर्वसाधारण महिलेसाठी सुटलं आणि आमच्या गावातल्या कित्येक पुरुषांना आपल्याला बायको आहे याची एकदम आठवण झाली. आठवडा उलटायच्या आत चौकात फ्लेक्स लागले. नवरा मोठा, हात जोडलेला. बायको कोपऱ्यात, लग्नाच्या अल्बममधून कापून आणलेली, डोळे कॅमेऱ्याच्या भलतीकडे. खाली लिहिलेलं, ‘जनतेच्या आग्रहास्तव’.

माझ्याकडे मात्र जनता खरोखरच आली. शिकवणी सुटायच्या वेळेला मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या राहिल्या. मी दहावीच्या पोरापोरींना मराठी शिकवते. आमच्या घरात बोलायची हिंदी, आणि पोट भरायची मराठी. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं, गावाला नाही. मोहल्ल्यात मी आपा आणि मोहल्ल्याबाहेर मॅडम.

या बाया मला ओळखत होत्या त्या पाण्यामुळे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या नळाला गटाराचा वास यायला लागला होता. नवा सिमेंट रस्ता झाला तेव्हा ठेकेदारानं जुन्या पाइपलाइनवरूनच मशीन फिरवलं होतं. पाइप जागोजाग चिरला, आणि वर सिमेंट, त्यामुळे दुरुस्तीला हातही लावता येईना. मी बायांना घेऊन नगरपालिकेत गेले होते. साहेबांसमोर तेच पाणी भरलेला तांब्या ठेवला आणि म्हटलं, “घ्या, तुमच्याच नळाचं आहे.” साहेबांनी घेतलं नाही. रस्ताही फोडला नाही. पण गावाला माझा चेहरा कळला.

“आपा, तुमीच उभ्या राहा,” त्या म्हणाल्या. “तुमाले बोलता येते.”

“बोलता येणं आणि निवडून येणं वेगळं असते,” मी म्हणाले. पण त्या रात्री पडल्या पडल्या माझ्या मनात पहिलं भाषण तयार होत होतं. नाही म्हणणाऱ्या माणसाचं असं होत नाही.

माझ्या नवऱ्याचं वणी रोडला ट्रकच्या इंजिनातले डिझेल पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. कोळशाचे ट्रक, गिट्टीचे टिप्पर, सगळ्यांचे पंप त्याच्या हाताखालून जातात. मी त्याला विचारलं तेव्हा तो हात पुसत म्हणाला, “राहा की उभी. मी काय, तुझा फोटोतला नवरा थोडीच आहे?” एवढीच आमची कौटुंबिक बैठक.

अर्ज भरायच्या आधीच तो ठेकेदार आला. रस्त्यावाला. घरी आला नाही, वर्कशॉपमध्ये आला. त्याचे सगळे टिप्पर आमच्याकडेच दुरुस्तीला यायचे, त्यामुळे तिथे तो घरच्यासारखा वावरायचा. काजूकतलीचा डबा बाकावर ठेवून त्यानं मला बोलावून घेतलं. मी गेले. शेजारच्या काकांनाही सोबत नेलं.

हे काका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तीन पिढ्या कचेरीतच गेलेल्या घरातले. आयुष्यभर निवडणुकीच्या ड्यूट्या केलेला माणूस, त्यामुळे मतपेटीपासून मशीनपर्यंत सगळं बघितलेलं.

ठेकेदार मोठा गोड बोलला. “भाभी, तुमचं नाव चांगलं हाये. पण नावावर गाडी चालत नाही, डिझेल लागते. दोन गाड्या देतो, फ्लेक्स, पत्रकं, पोरांचं जेवण, सगळं माझ्याकडं. माझं नाव कुठं येणार नाही. तुमी फक्त हात जोडत फिरा.”

“आणि बदल्यात?”

“बदल्यात काय? काहीच नाही. आपला माणूस समजा.”

“मी निवडून आले आणि तो रस्ता फोडून पाइप बदलायचा ठराव आणला, तर?”

तो हसला. नवऱ्याकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही. “भाभी मजाकी हाये,” म्हणाला. मग जरा पुढे झुकला. “हे पाहा, कोणाचे ना कोणाचे पैसे लागतेच. माझे नाही घेतले तर दुसऱ्याचे घ्याल. सरकार थोडीच देते इलेक्शनले पैसे?”

“देत नाही हे खरं,” काका मध्येच म्हणाले. “द्यायले पायजे.”

मी काजूकतलीचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. तेव्हा मला भीती वाटली नव्हती असं म्हणणार नाही. डबा जडही होता. पण दिला. तो उठला, कपडे झटकले आणि नवऱ्याला म्हणाला, “समजावा.” नवरा म्हणाला, “तिले? माझ्यानं आजपर्यंत नाही जमलं.”

ठेकेदार गेल्यावर काका आणि नवरा भांडत बसले. तो वाद मला अजून आठवतो, कारण माझी सगळी निवडणूक त्या वादातूनच निघाली.

“सरकारनं पैसे द्यावे म्हणता काका,” नवरा म्हणाला, “म्हणजे मी इथं तेलात हात काळे करायचे, टॅक्स भरायचा, आणि त्यातून त्या चोराचे फ्लेक्स लागायचे? हे कोणतं शहाणपण?”

“अरे, आत्ता कोणाच्या पैशातून लागून राह्यले मग?” काका म्हणाले. “तुझ्याच. फक्त लंबा रस्ता फिरून येते. तू टॅक्स भरतो, नगरपालिका रस्ता काढते, रस्त्यात सिमेंट कमी पडते, आणि त्या कमी पडलेल्या सिमेंटाचे फ्लेक्स होते. त्यापेक्षा सरळ दे म्हणतो मी. सगळ्याले सारखं. एक पत्रक, एक मंडप, एक माइक. मग बोला काय बोलायचं ते.”

“आणि मंडप मिळते म्हणून हजार जण उभे राह्यले तर?”

“त्याचे नियम करता येते. हजार उभे राहतील या भीतीनं आता एकालेच उभं राहू देऊन राह्यलो आपण, ज्याच्या मागं टिप्पर हाये त्याले.”

नवऱ्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की सरकारी मंडपाचाही ठेका शेवटी ह्याच माणसाला मिळेल. तो मुद्दा मी मनात ठेवला.

तरी मी अर्ज केला. उमेदवारी अर्जासोबत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना वेगळं पत्र दिलं, की नगराध्यक्षपदाच्या सर्व उमेदवारांसाठी शासकीय खर्चानं एक समान सभा घ्यावी. मजकूर काकांनी सांगितला, अक्षर माझं. उत्तर लवकरच आलं, ‘तशी तरतूद नाही.’

काका तो कागद हातात धरून बराच वेळ हसत होते. “हे वाक्य मी नोकरीत किती लोकाइले लिहून दिलं असन! पहिल्यांदाच माझ्याकडं आलं.”

मग आम्ही ठरवलं की वर्गणी करायची. गणपतीची, ईदच्या जुलूसची, शाळेच्या गॅदरिंगची वर्गणी गाव देतं, तर नगराध्यक्षाची का नाही? अट एकच ठेवली. ती माझी होती, काकांची नव्हती. जो देईल त्याचं नाव उघड. शुक्रवारच्या बाजारात, मशिदीपुढे, मंदिरापुढे, जिथे उभी राहीन तिथे मी सांगणार, की माझ्या पत्रकाचे पैसे अमक्यानं दिले, माइकचे तमक्यानं. म्हणजे उद्या मी त्याचं काही काम केलं तर गावाला विचारता येईल, ही त्या पैशाची फेड हाये काय?

आणि लोकांनी दिले. शिंप्यानं दिले, भाजीवालीनं दिले, माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी नागपूर-पुण्याहून मोबाइलवर पाठवले. निवडणूक कार्यालयात रोजचा हिशोब द्यावा लागायचा. तिथे चहाचासुद्धा दर ठरलेला. एका बाईनं आम्हाला तिच्या घरी चहा पाजला, तर तिथला कर्मचारी म्हणाला, “तो देणगी म्हणून दाखवा.” मी दाखवला. साखर जास्त होती, तेही लिहू का, असं विचारलं. त्याला हसू आलं नाही.

चिन्ह मिळालं छताचा पंखा. ऐन थंडीचे दिवस. पोरं मागून ओरडायची, “मॅडम, थंडीत पंखा कोण लावते?” मी म्हणायची, “मच्छर हाय गावात, लावा!”

मग बेकरीवाला आला.

बेकरीवाला आमच्या नात्यातला नव्हता, पण त्याची पोरगी माझ्याकडे शिकलेली. त्यानं पहिल्याच आठवड्यात मोकळ्या हातानं वर्गणी दिली होती आणि मी बाजारात त्याचं नाव घेतलंही होतं. आता तो दुपारी गिऱ्हाईक नसताना आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

“आपा, पुढं माझं नाव नका घेऊ.”

“काहून?”

“दुकानाचा गाळा नगरपालिकेचा हाये. करार नवा करायचा हाये यंदा. ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. काही बोलला नाही, बिस्किटं घेऊन गेला. पैसे द्यायले मात्र विसरला.”

मी आत गेले आणि त्याची वर्गणी आणून त्याच्यापुढे धरली.

त्याचा चेहरा पडला. “मी पैसे परत मागाले नाही आलो, आपा. नाव मागाले आलो.”

“नाव नसलेले पैसे मी घेत नाही. त्याचे घेतले नाहीत, तुमचे कसे घेऊ?”

“माझ्यात अन् त्याच्यात काही फरक नाही काय?”

फरक होता, आभाळाएवढा होता. एकाला नाव लपवायचं होतं कारण त्याला गाव घ्यायचं होतं, दुसऱ्याला लपवायचं होतं कारण त्याचं दुकान जाणार होतं. पण नियम एकदा वाकवला की उद्या मोठा माणूसही त्याच फटीतून आत शिरला असता. मी हात तसाच पुढे धरून ठेवला. त्यानं पैसे घेतले आणि सलाम न करता निघून गेला. काका म्हणाले, “पोरी, हे जास्त झालं.” नवराही तेच म्हणाला. मी कोणाचंच ऐकलं नाही. आजही मला वाटतं की मी बरोबर होते, आणि आजही त्याचा तो चेहरा विसरता येत नाही.

सरकारनं समान सभा घेतली नाही ना, मग आपणच घ्यायची, असं मी ठरवलं. बाजाराच्या पटांगणाचं भाडं वर्गणीतून भरलं, पोलिसांची परवानगी काढली. दुपारची वेळ ठेवली, म्हणजे बायांना येता येईल. निवडणुकीला आम्ही तिघी उभ्या होतो, म्हणून प्लास्टिकच्या तीन सारख्या खुर्च्या, एक माइक आणि तिघींना सारखा वेळ. निमंत्रणं काका स्वतः देऊन आले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. प्रतिस्पर्ध्याला आपल्या खर्चानं माइक देणारी बाई गावानं पाहिली नव्हती.

पटांगण भरलं. फुकटचा तमाशा म्हणून भरलं असेल, पण भरलं. पहिल्या रांगेत बेकरीवाला बसला होता. हात बांधून, माझ्याकडे न बघता. दुकान बंद ठेवून आला होता आणि सगळ्या गावाला दिसेल असा बसला होता. मी पाणी प्यायले आणि माइक हातात घेतला.

तिसऱ्या उमेदवाराच्या जागी तिचा नवरा आला आणि खुर्चीवर बसायला लागला. मी माइकवर म्हटलं, “दादा, ही खुर्ची उमेदवाराची आहे.”

“ती आजारी हाये. मीच बोलतो तिच्याकडून.”

“आजारी असतील तर खुर्ची रिकामी राहू द्या. त्या खुर्चीवर बसायचा हक्क गावात एकाच बाईला आहे.”

मागून बाया हसल्या. तो उभाच राहिला, मग मला काहीबाही बोलत गेला. त्यात धर्मही काढला. पटांगणात एकदम चुळबूळ झाली. नवरा गर्दीतून पुढे यायला लागला तशी मी हातानं थांबवलं आणि माइकवर म्हटलं, “दादांनी त्यांचं म्हणणं मांडलं. आता पुढं चालू.”

आणि मग ती आली. मी नाही म्हटल्यावर ठेकेदारानं उभी केलेली उमेदवार. खरं म्हणजे त्याच्या भागीदाराची बायको. गावभर तिचे फ्लेक्स, पण तिला बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. ती दोन बायांसोबत पायी आली, गाडी नाही, नवरा नाही. खुर्चीवर बसली आणि पदर सारखा करत हळूच मला म्हणाली, “घरी सांगून नाही आली मी.”

आधी पाण्यावर प्रश्न झाले, मग कचऱ्यावर. ती थोडं बोलली, अडखळत, पण खोटं काही बोलली नाही. मग काकांनी दोघींना एकच प्रश्न विचारला. “तुमच्या प्रचाराचा खर्च कोण करते?”

मी नावं सांगितली. बेकरीवाल्याचं अर्थातच घेतलं नाही. मग माइक तिच्याकडे गेला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“मले काय विचारता?” ती म्हणाली. “माझे एवढे फोटो लागले गावात, त्यातला एकही मले दाखवून नाही लावला. ही साडी बी त्याईनंच पाठवली, प्रचाराची म्हून. कोण खर्च करून राह्यलं हे साऱ्या गावाले ठाऊक हाये. तुमाले ठाऊक हाये, तरी तुमी मलेच विचारता. त्याईले काहून नाही विचारत?”

आधी हशा झाला, मग तो मध्येच तुटला. मी तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी तिला त्या पैशाची मालकीण समजत होते. ती तर त्या पैशानं घेतलेली वस्तू होती, आणि हे तिनं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगितलं होतं.

इतक्यात पटांगणाच्या कडेला गाडी थांबली, हॉर्न वाजायला लागला. तिचा नवरा होता. ती उठली नाही. “माझा वेळ संपला का?” तिनं काकांना विचारलं. काकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “नाही ताई. बोला.” ती उरलेला वेळ बोलली. तिच्या गल्लीतल्या अंगणवाडीला छप्पर नाही, यावर. हॉर्न वाजत होता आणि ती बोलत होती. संपल्यावर मीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

निकालात मी हरले. ती जिंकली. मतदानाच्या आधीचे दोन दिवस काय काय वाटलं गेलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, पुरावा कोणाकडे नाही. मी दुसरी आले, आणि पहिली-दुसरीतलं अंतर लाज वाटावी इतकं मोठं नव्हतं. तरी हरणं ते हरणंच. मोजणीच्या ठिकाणाहून आम्ही चालत घरी आलो. गुलाल उडत होता, आमच्याही अंगावर पडला. नवऱ्यानं वाटेत जिलेबी घेतली. मी म्हटलं, “कशाची?” तो म्हणाला, “कोणाचं देणं नाही राह्यलं, त्याची.”

मी घरी आल्यावर पोटभर रडले. मग जिलेबी खाल्ली.

ठेकेदारानं त्याचा हिशोब चुकता केला. त्याचे टिप्पर आमच्याकडे यायचे बंद झाले, चंद्रपूर रोडच्या कुठल्या तरी वर्कशॉपला जायला लागले. काही महिने घरात चणचण झाली, मी शिकवणीची एक बॅच वाढवली. नवरा एकदाही ‘तुझ्यामुळे’ म्हणाला नाही. पुढे त्याचा एक टिप्पर भर उन्हात आमच्या दारासमोरच बंद पडला. ड्रायव्हर खालच्या मानेनं आत आला. नवऱ्यानं पंप उघडला, नीट केला आणि नेहमीचीच मजुरी घेतली. जास्त नाही, कमी नाही. मी म्हटलं, “थोडी जास्त लावायची होती.” तो म्हणाला, “मग त्याच्यात अन् माझ्यात काय फरक?”

नगराध्यक्षीण बाईंच्या खुर्चीशेजारी आता त्यांच्या नवऱ्याची खुर्ची असते. बाया घेऊन मी पाइपलाइनसाठी गेले तेव्हा उत्तरं तोच द्यायला लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वाक्याला बाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, “थांबा, मले ऐकू द्या.” तो थांबला. अंगणवाडीवर पत्रे बसले. रस्ता मात्र अजून फोडलेला नाही. आम्ही पाणी उकळून पितो. मी चमत्काराची गोष्ट सांगत नाहीये.

मागच्या महिन्यात मी पुन्हा निवडणूक कार्यालयात गेले. नवं पत्र घेऊन. निवडणुकीचा खर्च शासनानं करावा, सर्व उमेदवारांना सारखी सभा, सारखी पत्रकं द्यावीत, आणि खाजगी पैसा घेणाऱ्यानं देणाऱ्याचं नाव वेळच्या वेळी गावात जाहीर करावं. नवऱ्याचा मुद्दाही मी त्यात घातला, की मंडपाचा ठेका कोणाला दिला ते नगरपालिकेच्या भिंतीवर लावावं. आणि बेकरीवाल्यासारख्या छोट्या माणसाला नाव सांगितल्याबद्दल कोणी त्रास दिला तर त्याला संरक्षण द्यावं. हे शेवटचं कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

समोरचे साहेब नवे होते. त्यांनी पत्र वाचलं, उलटं करून मागचं पान बघितलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर हरल्या ना? आता कशाला हे?”

“हरलेल्यानंच मागायचं असते साहेब,” मी म्हणाले. “जिंकलेला कायले मागन?”

“वर पाठवावं लागेल. तशी तरतूद—”

“नाही, माहीत आहे. तरतूद करा म्हणूनच लिहिलंय.”

“ठेवून जा. बघतो.”

“पोच द्या.”

त्यांनी शिक्का शोधायला शिपायाला पाठवलं. शिपाई जेवायला गेलेला होता. मी भिंतीकडचं बाकडं ओढलं, पंख्याखाली आणलं आणि बसले.